मंजीचे अडतीस सेकंद

४ जानेवारी, रविवार
साइटवर काल एक माणूस येऊन गेला. आज शून्य.
कालचा तो मीच होतो.
थंडी मरणाची. जव्हारची थंडी पूर्वी गोड होती, आता नुसती गुडघ्यात शिरते. उन्हात खुर्ची टाकून फोनवर साइट उघडून बसलो. ‘फळ्यावरच्या कविता’. नाव माझं, बांधून दिली नीलाने, कॉलेजात होती तेव्हा. पाड्यावरच्या शाळेत शनिवारी दुपारी पोरं ओळी रचायची, त्या मी वहीत उतरवून घ्यायचो. त्याच सगळ्या इथे. खाली प्रत्येकाचं नाव, इयत्ता, पाडा. एकशे बारा कविता आणि एक आवाज.
नवं पुस्तक आलं की मी आधी कवितेचं पान काढून हुंगायचो. मग चाल. पोरं पायाने ठेका धरायची, छपराची धूळ वह्यांवर पडायची. त्या कविता आता अर्ध्या आठवतात. धूळ पूर्ण आठवते.

७ जाने.
भास्करचा फोन. पाचवीपर्यंत माझ्या हाताखाली होता, पाढ्यांना कच्चा, नकलांना पक्का. मोखाड्यात स्टँडजवळ मोबाईलचं दुकान आहे, शिवाय व्हिडिओचं पेज चालवतो. (यापुढे भा. लिहीन, बोटं आखडतात.)
“गुरुजी, शाळेचा ग्रुप काढलाय. तुम्ही नाही म्हणजे वर्गात फळाच नाही.”
म्हटलं, माझी साइट आहे, तिथे या सगळे.
“साइटवर कोण जातं गुरुजी? ती म्हणजे वांगणी पाड्याचा रस्ता. ज्याचं अडलंय तोच जातो, आणि तोही शिव्या देत.”
हसलो. बोचलं.
ग्रुपात घेतलं त्याने. आल्याबरोबर सदतीस नमस्कार. इतके नमस्कार निवृत्तीच्या दिवशीही मिळाले नव्हते.

९ जाने.
ग्रुपवर पहिली कविता टाकली. नांगराची. रचणारा आता दाभोशाला जीप चालवतो. त्याने स्वतः लिहिलं, ‘गुरुजी हे मी केलं होतं? मी तर येडा होतो.’ त्याच्याखाली दुसरा, ‘अजून हाय.’ हसण्याची चित्रं. बदाम त्रेचाळीस.
बदाम मोजले. दोनदा. बहात्तर वर्षांचा माणूस.

११ जाने., रविवार
नीलाचा पुण्याहून फोन. “बाबा, साइटची मुदत सोळाला संपतेय. या वर्षी वाढवायची का?”
सकाळीच दुसऱ्या कवितेला एकसष्ट बदाम पडले होते.
“कोण बघतं तुमच्याशिवाय?”
“जानी.”
“जानीबाई वर्षातून एकदा येतात, त्याही तुमच्या ओट्यावर. मंजीच्या आवाजाची ती एक फाईल ग्रुपवर टाकून ठेवा. तिथेही राहील, फोनमध्येही राहील.”
म्हटलं, साइट म्हणजे आपला ओटा गं. यायचं असेल तो मुद्दाम येतो. ग्रुप म्हणजे बाजार.
“बाबा, ओट्यावर कुणी येत नाही म्हणून तर लोक बाजारात जातात.”
पोरगी खोटं बोलली नाही. म्हटलं, राहू दे मग, नको वाढवू.

१२ जाने.
मंजीचा आवाज ग्रुपवर टाकला.
हा आवाज एकच आहे. पंधरा वर्षांपूर्वी नीलाने मला आवाज भरायचं यंत्र घेऊन दिलं, पहिल्या दिवशी शाळेत नेलं, चौथीतली मंजी पुढे होती. अडतीस सेकंद:

नदी मला म्हणली, तू कोणाची गं?
मी म्हणली, तुझीच.
तर ती पुढं गेली.

मग खोकला. मग माझा आवाज. मग मंजी हसते.
सहाव्या दिवशी ती तापाने गेली. पाऊस लागला होता, जीप खाली उतरली नाही. तिचा फोटो नाही, जन्माचा दाखला नाही. वांगणीला घर आहे म्हणायचं, पण ज्या जमिनीवर आहे ती दुसऱ्याची. तिची आई जानी दिवाळी झाली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते, होळीला परतते. परतताना जव्हारला उतरते, ओट्यावर बसते, फोन कानाला लावते, एकदा ऐकते, उठते. चहासुद्धा घेत नाही. इतकी वर्षं.
ग्रुपवर बदाम एकशे चार.

१६ जाने.
साइट आजपासून बंद. उघडून पाहिली नाही. मेलेल्याचं तोंड पाहू नये असं नाही, पण धाडस झालं नाही. त्याच वेळी ग्रुपवर तिसरी कविता टाकत होतो, वेळही नव्हता.

२१ जाने.
भा.ने मंजीच्या आवाजाचं रील केलं. खाली ढोल आणि डीजे. एक पोरगा मोटारसायकलवरून मुलीला विचारतो, ती हात उडवून निघून जाते, आणि मंजी म्हणते, “तर ती पुढं गेली.” पुन्हा. पुन्हा. खोकला ठेक्यात बसवलाय. खॉक्-खॉक्, ढूम.
मला काय वाटलं ते खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून लिहितो. मला आनंद झाला. पंधरा वर्षं एका बाईने ऐकलेला आवाज एका दिवसात हजारो माणसं ऐकतात. माझ्या वर्गातला आवाज! मीच ग्रुपवर पुढे पाठवलं. वर लिहिलं, ‘अभिनंदन भास्कर!!’ उद्गारचिन्हं दोन.

२५ जाने.
बाजारात भाजीवाली माप टाकता टाकता म्हणाली, “ती पुढं गेली!” यष्टी चुकलेल्या म्हाताऱ्याला रिक्षावाले ओरडले, “बाबा, ती पुढं गेली!” सगळे हसले. तो म्हाताराही हसला.
मीही सांगितलं एकदोघांना, माझी विद्यार्थिनी आहे ती. ‘आहे’ म्हणालो.

३० जाने.
भा.ला फोन केला. म्हटलं, एवढं चाललंय तर खाली तिचं नाव तरी घाल. मंजी, इयत्ता चौथी, वांगणी.
“नाव घातलं की लोक थांबतात गुरुजी. कोण ही, कुठली, काय झालं तिचं? मग रडगाणं. रील थांबलं की मेलं.”
“अरे, पोर मेली आहे.”
“माहीत आहे ना मला. माझ्या मागच्या बाकावर बसायची. माझा पेन्सिलचा तुकडा घेऊन गेलीय ती.”
हे तो हसत म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “चांगली होती.”
मग मला आमच्याकडचा बोहाडा आठवला, देवांचे मुखवटे नाचवतात तो. भा.च्या घरात सोंगाचा मान आहे, बापाकडून त्याच्याकडे आलेला. तो मुखवटा त्यांच्याच घरच्याने नाचवायचा. एका वर्षी दुसऱ्या कुणी हात लावला तर काठ्या निघाल्या होत्या. म्हटलं, तुमच्या घरचं सोंग उद्या कुणी चौकात डीजेवर नाचवलं तर?
“ते देवाचं आहे गुरुजी.”
“आणि हे?”
“हे पोरीचं.”
फोन त्याने ठेवला की मी, आठवत नाही.

३ फेब्रु.
फोन अडकतो, तापतो. मोखाड्याला जाऊन भा.च्या दुकानात दिला. कितीही बोललो तरी फोन त्यालाच कळतो. “गुरुजी, सुप्रभाताने तुंबलाय नुसता. हजारभर फुलं आहेत आत. साफ करू?”
म्हटलं कर.
अर्ध्या तासात झाला हलका. मलाही हलकं वाटलं. येताना घाटात पळस फुललेला पाहिला. यंदा लवकर.

१४ फेब्रु., शनिवार
एका शाळेचं स्नेहसंमेलन. मी प्रमुख पाहुणा. शाल, नारळ. माझी ओळख करून देताना मुख्याध्यापक म्हणाले, “गुरुजींची स्वतःची साइटही होती.” होती.
मग नाच. तिसरी-चौथीच्या मुली, जरीचे परकर, गालांना लाली. डीजे लागला आणि मंजी बोलली. पोरींनी नदी दाखवली, कमरेवर हात ठेवून ‘तू कोणाची गं’ दाखवलं. खोकला आला तशा सगळ्या एकदम वाकल्या, छातीला हात लावून, खॉक्-खॉक्, ढूम. वीस पोरी. बसवलं छान होतं. सभागृह उभं राहिलं. वन्स मोअर.
मी टाळ्या वाजवल्या. पाहुणा पहिल्या रांगेत असतो, सगळे त्याच्याकडे बघतात. दुसऱ्यांदा वाकल्या तेव्हाही वाजवल्या.
घरी येऊन शाल कपाटात टाकली. त्या खोकल्याबद्दल लिहायचं आहे. आज नाही.

१५ फेब्रु.
लिहितो.
त्या दिवशी मंजीला ताप होता. हात लावून पाहिला होता मी. घरी पाठवावं, कुणाला तरी जव्हारला दवाखान्यात न्यायला सांगावं, हे डोक्यात आलं होतं. पण यंत्र नवं होतं. तिची कविता सगळ्यात चांगली होती. ‘तर ती पुढं गेली’ ही ओळ नऊ वर्षांच्या पोरीने म्हणावी, मला वेड लागायचं बाकी होतं. तीनदा म्हणवली. तिन्ही वेळा शेवटी खोकली. तिसऱ्या वेळचं राहिलं आहे. त्यात मी म्हणतो, “खोकला आवर, नाही तर छडी आणू का?” आणि ती हसते. तिला वाटलं गुरुजी चेष्टा करतात.
मी चेष्टा करत नव्हतो.
जानी दरवर्षी त्या हसण्यासाठी यायची. मी दरवर्षी तेवढ्या वेळात आत जाऊन उभा राहायचो.

१८ फेब्रु.
भा.ला निरोप पाठवला: ते काढून टाक. त्याचं उत्तर: ‘मी काढलं तरी काय गुरुजी. आता ते सगळ्यांचं झालं. तुम्हीच तर पाठवलं होतं.’ खाली हात जोडल्याचं चित्र.
खरं आहे. दोन उद्गारचिन्हं.

२२ फेब्रु., रविवार
होळी आठवड्यावर. जानी येईल म्हणून मूळ आवाज काढून ठेवायला बसलो.
ग्रुपवर मागे मागे गेलो, बारा जानेवारीपर्यंत. तिथे करडी पट्टी. ‘ही फाईल तुमच्या फोनमध्ये नाही.’ फुलांबरोबर गेली.
साइट उघडली. पांढरं पान. मधोमध इंग्रजीत एक ओळ: ही जागा विक्रीला आहे.
बराच वेळ बघत बसलो. वांगणीच्या पोरीला जमिनीवर जागा नव्हतीच कधी. इथे मी दिली होती, चांगली नावासकट. तीही आता घेईल त्याची.
जुना संगणक, त्या आवाजाच्या यंत्रासकट, दोन वर्षांपूर्वी भंगारात घातला. तेव्हा नीलाला म्हणालो होतो, साइटवर आहे की सगळं.

२३ फेब्रु.
नीलाला फोन. ती दोन तास लोकांशी बोलत बसली. संध्याकाळी रडवेली. “बाबा, महिनाभर ठेवतात, मग पुसतात. महिना उलटून गेला. मला वाटलं तुमच्याकडे आहे.”
“मला वाटलं तुझ्याकडे आहे.”
दोघंही खरं बोललो.
ती म्हणाली, चूक माझी. मी म्हटलं, नाही गं. पण चटकन म्हटलं नाही, हेही लिहून ठेवतो. दोन-तीन श्वास तिला लटकत ठेवलं.

२४ फेब्रु.
ग्रुपवर विचारलं: मंजीचा मूळ आवाज कुणाकडे आहे का? संगीत नसलेला.
दुपारपर्यंत शांत. मग एक जण: ‘गुरुजी, रील सेव्ह करा ना. तेच आहे.’ दुसरा: ‘मूळ आवाज पुढं गेला 😂’. बदाम बावीस.
भा.चा वेगळा निरोप: ‘काम झालं की मूळ उडवतो मी. किती ठेवणार. सॉरी गुरुजी.’ सॉरी लिहिलंय ते मनापासून असावं. पाचवीतही मार खाल्ल्यावर असंच म्हणायचा.
रील पुन्हा पुन्हा ऐकलं. ढोलाखाली हसणं कुठे उरलंय का, कान लावून. नाही. हसण्याच्या आधीच कापलं आहे. आणि माझं छडीचं वाक्यही.
एक लिहायचं टाळत होतो. ते वाक्य गेलं हे कळलं तेव्हा क्षणभर बरं वाटलं. आता जगात कुणीच ते ऐकणार नाही. क्षणभरच. पण वाटलं.

१ मार्च, रविवार
जानी आली. अकराच्या सुमाराला. डोक्यावर बोचकं, पायाला विटांची लाल माती. यंदा फार वाळली आहे. ओट्यावर बसली.
“गुरुजी, बरं हाय ना?”
“बरं आहे. तू?”
“आमचं काय. भट्टीचा धूर खाया, नि जगाया.” मग एकदम हसून, “मंजीला आयकलं मी तिकडं!”
“कशावर गं?” म्हटलं.
“मुकादमाच्या मोबाईलात. मी बोलली, ही माझी पोर हाय. तर बायका हसल्या, येडी झाली जानी. मुकादम बोलला, तेरी लडकी इतनी बडी हिरोईन, और तू ईंटा उठाती? रोज लावायचा. मी रोज आयकायची. बोलायची, फिरसे लगाव. पोरं नाचायची तिच्यावर.” मग हळू, “तुमीच पाठवलं ना गुरुजी तिकडं? माझ्यासाठी?”
मान हलली माझी. हो म्हणून हलली.
“देव बरं करो तुमचं.” पदराने तोंड पुसलं. “पण त्यात तिचं हसणं नाय. खोकतेच नुसती. खोकते नि लोक नाचतात. मला रातचा झोप नाय यायची मग. तवा बोलली, होळीला जाईन गुरुजींकडं, हसणं आयकून येईन. लावा ना.”
फोन खिशात होता. मी म्हटलं, “लाइट नाही गं, फोन बंद पडलाय.”
ती वर बघत होती. मीही वर बघितलं. ओट्यावरचा पंखा फिरत होता.
जानीने नजर खाली घेतली. “बरं,” म्हणाली. “मी बसते.”
दीड वाजेपर्यंत बसली. पंखा दोघांच्या डोक्यावर. चहा दिला, या वर्षी घेतला तिने. उठताना म्हणाली, “होळी झाली की परत भट्टीला जायाचं. सोमवारी जीप भरते. त्याच्या आधी येते. तवर येईल ना लाइट?”

३ मार्च
होळी पेटली. गेलो नाही बघायला.
वही काढून ती तीन ओळींची कविता वाचली, मोठ्याने, मंजीच्या चालीवर. म्हाताऱ्या माणसाचा घसा. हसण्यापाशी थांबलो. हसणं वहीत लिहून घ्यायचं मला कधी सुचलं नव्हतं.

५ मार्च
नीला म्हणते, खरं सांगून टाका बाबा. जानीबाई समजून घेतील.
तीच तर भीती आहे. समजून घेईल. तेव्हाही घेतलं होतं. अंत्यविधीनंतर माझ्या पाया पडून म्हणाली होती, “तुमी तिला पोरीसारखी वागवली.”

७ मार्च
भा. स्वतः आला, मोखाड्याहून. जानीचं काल फोनवर सांगितलं होतं त्याला. दारात चप्पल काढून उभा. “गुरुजी, एक करता येतं. मशीन आहे. आवाज दिला की तसाच दुसरा तयार करतं. हसणं पण. मंजीचंच वाटेल. कुणाला कळणार नाही.”
“जानीला?”
“आईला काय कळतंय. तिला हसणं पाहिजे ना.”
त्याला हाकलायला हवं होतं. बसायला सांगितलं. पोहे केले. पाठवतो म्हणाला, उद्यापर्यंत.

८ मार्च, रविवार
आलं. सहा सेकंदांचं. ऐकलं. छान हसते पोर. मोकळी, गोरीगोमटी, शहरातली. दात स्वच्छ असलेली कुणी. एकदाही दम लागत नाही.
पुसलं नाही.

९ मार्च, सोमवार
सकाळीच पंखा बंद करून ठेवला.
साडेनऊला जानी आली. बोचकं बांधलेलं, जीप नाक्यावर उभी आहे म्हणाली, ड्रायव्हर भोंगा मारतोय. आल्याबरोबर तिने आधी वर पाहिलं. पंखा थांबलेला. मग माझ्याकडे.
“आजबी नाय का लाइट?”
मी म्हटलं, बस, बघतो. आत आलो. फोन हातात आहे. त्यात ते सहा सेकंद आहेत. दुसऱ्या हातात ही वही, ते छडीचं पान असलेली. बाहेर ती फोन लावायला कान पुसून बसली आहे, पदराने, दरवर्षीसारखा उजवा कान.
भोंगा वाजला. दुसऱ्यांदा.
“गुरुजी,” ती बाहेरून म्हणते आहे, “नसंल तर नसंल म्हणा, पण खरं सांगा.”